आईच्या बाजूची उंची

बाबा,

मी कॉलेजात प्रॅक्टिकल घ्यायला जाते आहे. गोल बाजारातला माणूस दुपारी गादीखालचे स्प्रिंगचे बॉक्स घेऊन येईल. आपला जिना अरुंद आहे, म्हणून दोन अर्धे सांगितले आहेत. माप गादीचं नाही, पलंगाच्या चौकटीचं आतून घेतलंय, तेव्हा अडणार नाहीत. तुम्ही उचलायला जाऊ नका, ऑपरेशनचा गुडघा अजून कच्चा आहे.

काल दुकानातून फोन आला तेव्हा कळलं, तुम्ही परस्पर उंच बॉक्स रद्द करून बुटका सांगितला होता. जेवताना मी विचारलं, "काहून बाबा?" तर तुम्ही म्हणालात, "तुझ्या आईचे पाय जमिनीले टेकले पाहिजेत." आई आता नाही, हे मला म्हणता आलं नाही. मी ताट उचलून आत गेले.

बसल्यावर गुडघा कमरेच्या वर जायला नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. त्यात तडजोड नाही. म्हणून तुमच्या बाजूचा बॉक्स उंच येईल आणि आईच्या बाजूचा बुटका. गाद्याही दोन वेगळ्या सांगितल्यात. दुकानदार म्हणाला, "दीदी, बिस्तर बराबर नहीं बैठेगा, बीच में सीढ़ी बन जाएगी." मी म्हटलं, हव, बनू दे.

बुटका खिडकीकडे. तो माणूस उलटं लावेल, तेवढं लक्ष ठेवा.

गंधाली