गाडी सोडण्याबाबत

३ डिसेंबर २००६, रविवार. संध्याकाळ

आज अपघात झाला. वस्तुस्थिती लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर गोंधळ नको.

मंडईतून भाजी घेऊन श्रद्धा आणि मी वारज्याला परतत होतो. पुलाच्या अलीकडे कुत्रं आडवं आलं. ब्रेक मारला. गाडी घसरली. माझं कोपर खरचटलं. श्रद्धाचं डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. हेल्मेट होतं, पण ते श्रद्धाच्या मांडीवर होतं. त्याला ओरखडाही नाही. डावा इंडिकेटर फुटला. मेथी, वांगी रस्त्यावरच राहिली.

बायको आणि आयुष्य यांच्यापुढे मोटरसायकल म्हणजे काय? निर्णय घेतला. गाडी बंद. कायमची. उद्यापासून कंपनीची बस.

श्रद्धाला निर्णय सांगितला. बरं, म्हणाली.

४ डिसेंबर, सोमवार

बस सात दहाला सुटते. ही वेळ कोणी ठरवली?

शिवाय इंडिकेटर बसवायचा होता आणि गॅरेज ऑफिसच्या वाटेवर आहे. तिथवर गाडी न्यावी लागली. याला चालवणं म्हणत नाहीत, पोहोचवणं म्हणतात. मेकॅनिक म्हणाला उद्या या. मग उरलेलं अंतर बसने जाण्यात अर्थ नव्हता.

ऑफिसात सगळे डेस्कभोवती जमले. कुत्र्याचं सांगितलं. माझ्या टीममधल्या सुदर्शनने विचारलं, काल आपण फोनवर बोलत होतो, एकदम कट झाला, तेव्हाच का? नंतर, म्हणालो. बऱ्याच नंतर. तो अच्छा म्हणाला आणि स्क्रीनकडे वळला. या मुलाला कामात जरा लक्ष घालायला सांगायला हवं.

९ डिसेंबर, शनिवार

श्रद्धाची टायपिंगची सरकारी परीक्षा वीस तारखेला आहे. म्हणजे होती. सहा महिने रोज कर्वेनगरच्या क्लासला जात होती. परभणीहून लग्न होऊन आल्यापासून तिने स्वतःसाठी ठरवलेली ही पहिलीच गोष्ट. एका हाताने टायपिंग होत नाही. तिने हॉल तिकीट कपाटात साड्यांखाली ठेवलं. म्हणाली, जूनमध्ये पुन्हा असते.

क्लासच्या सरांना सांगायला जायचं होतं. सोडतो म्हणालो. हळू नेईन, वीसच्या स्पीडने. ती म्हणाली, नको, चालत जाते. तीन किलोमीटर गेली आणि आली.

तोवर मी कणीक मळली. आधी पातळ झाली, मग पीठ घातलं, मग घट्ट झाली, मग पाणी घातलं. आता कणीक चार दिवस पुरेल.

नवा निर्णय: गाडी एकदम सोडणं शास्त्रीय नाही. टप्प्याटप्प्याने. आधी रविवारी बंद.

१० डिसेंबर, रविवार

दूध संपलं होतं. अपवाद.

१७ डिसेंबर, रविवार. दुपार

घरमालक गेनबा श्रद्धाला बघायला आले. ही बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी त्यांची ज्वारी असायची. पिशवीभर रताळी घेऊन आले. मी अपघाताची हकीकत सांगितली. आता ती चांगली सांगता येते. कुत्रं काळं, पुढचे पाय पांढरे, मागून लहान पोरं ओरडत होती वगैरे. श्रद्धा मध्येच चहा ठेवायला उठली. एका हाताने चहा कशाला, म्हणालो. ऐकलं नाही.

गेनबांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेलो. तिथे थांबून हळूच म्हणाले, सायेब, म्या तिथंच टपरीवर च्या पीत हुतो. बाईंना रिक्षात बशिवलं ते म्याच. तुमाला याद न्हाई. कुत्रं न्हवतं तिथं. तुमची मान वाकडी हुती, फोन हुता.

ते म्हणाले, कुनाला सांगत न्हाई म्या. लई गुणाची बाई हाय, जपा.

आणि खाली उतरले.

त्याच दिवशी. संध्याकाळ

ही वही कोणी वाचत नाही. इथे खोटं लिहून काय मिळवलं, माहीत नाही.

सुदर्शनचा फोन होता. त्याला नवी गाडी घ्यायची होती. माझी किती ॲव्हरेज देते, विचारत होता. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरला होता. श्रद्धाने पाठीवर दोनदा बोट मारलं. ठेवा, म्हणाली. मी म्हणालो, एक मिनिट. मग सुदर्शनला म्हणालो, पासष्ट. आणि पडलो.

खरं तर ती पंचावन्नच देते.

उद्या श्रद्धाशी स्पष्ट बोलायचं. माफी मागायची. गाडी विकायची. तिन्ही.

१८ डिसेंबर, सोमवार

श्रद्धा लवकर झोपली.

२० डिसेंबर, बुधवार

परीक्षेचा दिवस. तिला सोबत म्हणून रजा टाकली. अकरा वाजता ती खिडकीजवळ खुर्ची घेऊन बसली. उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. मी विचारलं, काही हवंय का? म्हणाली, तुम्ही ऑफिसला जा.

गेलो. बस गेलेली होती.

१ जानेवारी २००७, सोमवार

नव्या वर्षाचे संकल्प: १. गाडी बंद. २. खरं बोलायचं. ३. पोट.

तिसऱ्यापासून सुरुवात करावी असं वाटतं.

८ जानेवारी, सोमवार

एचआरच्या राजनंदिनीने बोलावलं. शुक्रवारी ऑफिसात रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम आहे, कुटुंबांनाही आमंत्रण आहे. मी अपघातातून वाचलेला, तर मी अनुभव सांगावा. नाही म्हटलं असतं तर संशय आला असता. शिवाय बोलण्याने समाजाचा फायदा होतो. हो म्हणालो.

श्रद्धाला सांगितलं. वाटलं नको म्हणेल. म्हणाली, येईन.

१२ जानेवारी, शुक्रवार

चौदा स्लाइड्स केल्या होत्या. विषय: रस्त्यावरील भटकी जनावरे आणि दुचाकीस्वार. श्रद्धा दोन बस बदलून आली आणि मागे कोपऱ्यात बसली. मी चांगला बोललो, हे नाकारण्यात अर्थ नाही. नवव्या स्लाइडला एका बाईंनी डोळे पुसले. शेवटी टाळ्या झाल्या. सुदर्शन बाटलीचं झाकण लावत होता, काढत होता.

मग राजनंदिनी म्हणाली, मॅडमनीही दोन शब्द बोलावेत.

श्रद्धा पुढे आली. प्लास्टरवर पदर घेतला होता. म्हणाली, मागे बसणाऱ्याला सगळं आधी दिसतं. पण त्याच्या हातात काही नसतं. त्याने सांगितलं तर पुढच्याने ऐकावं, एवढंच.

आणि बसली. टाळ्या आणखी जोरात झाल्या. मला बक्षीस म्हणून हेल्मेट दिलं. दोन्ही हातांनी घ्यावं लागलं, फोटो होता.

घरी आल्यावर म्हणालो, तू सांगितलं नाहीस, तुझे उपकार. ती गॅसजवळ उभी होती. म्हणाली, तुमच्यासाठी नाही गप्प बसले. एवढ्या लोकांसमोर मलाच लाज वाटली.

ती कुणाची लाज, हे मी विचारलं नाही.

१६ जानेवारी, मंगळवार

आज प्लास्टर काढायचं होतं. सकाळी चावी घेऊन खाली उतरलो, तर श्रद्धाने रिक्षा थांबवलेली. बस ना, म्हणालो, अगदी सावकाश नेतो. ती म्हणाली, तुम्ही या मागून. ओरडली नाही. ओरडली असती तर भांडता आलं असतं.

रिक्षाच्या मागे मागे गेलो. तिचा हात रिक्षाच्या दांडीवर दिसत होता, तोही सिग्नलला थांबल्यावरच. पार्किंग शोधून वर पोहोचलो तोवर प्लास्टर कापून झालं होतं. मनगट एवढंसं झालंय. कातडी पांढरी. डॉक्टरबाई तिला मूठ वळायला सांगत होत्या. श्रद्धा प्रयत्न करत होती. बोटं अर्ध्यात थांबत होती. पुन्हा करत होती, पुन्हा थांबत होती.

मला राहवलं नाही. भरल्या दवाखान्यात, दारातूनच, मोठ्याने म्हणालो, डॉक्टर, मी फोनवर होतो.

डॉक्टरबाईंनी मान वर न करता सांगितलं, मग बाहेर जाऊन बोला, इथे पेशंट आहेत.

बाहेर गेलो. बाकावर बसलो. आतून ऐकू येत होतं: अजून थोडं. हं. अजून थोडं.

अर्ध्या तासाने श्रद्धा बाहेर आली. व्यायाम लिहून दिलेत, रोज तीनदा. टायपिंग जमेल का, विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, बघू. तिने रिक्षाला हात केला. उजवा. मीही न विचारता तिच्या शेजारी बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं, आणि डावा हात मांडीवर घेऊन जरा सरकून बसली.

गाडी दवाखान्याच्या पार्किंगमध्येच आहे. उद्या आणायला जावं लागेल.