गावात आलेली बस

मंगळवार, दिवेलागण

आज बस फाट्यावर न थांबता थेट गावात आली! कणीक तशीच ठेवून लिहायला बसलेय.

आमच्या गल्लीत तीनच घरं उघडी उरलीत, बाकी सगळी कुलपं. फाट्यापासूनची पायपीट नको म्हणून एकेक घर नागपूरला गेलं. यांचं दुकानातलं काम नागपूरच्या महाल भागात, म्हणून आम्हीही येत्या रविवारी तिथल्याच हुडकेश्वरला भाड्याची खोली बघणार होतो. पण आपल्याही दाराला कुलूप? तिथेच मन अडतं.

सकाळी ड्रायव्हर म्हणाला, "महिनाभर पाहू. माणसं बसली तरच बस राहीन."

सासूबाई म्हणाल्या, "जेवढे आहो तेवढे बसू गा. तू रोज ये फक्त." आणि खरंच चढल्या, कधीपासून टाळलेली डोळ्यांची तपासणी करून घ्यायला.

संध्याकाळी त्याच बसने त्या आणि हे परतले. मागोमाग शेजारची सुमन उतरली, वर्षभराने. बराच वेळ कुलपाशी झटापट करत होती. मी तेल नेऊन दिलं तेव्हा कुठे उघडलं. म्हणाली, "बस टिकली तं वापस येतो वं आम्ही."

खरंच येईल? का नुसतं बोलायचं म्हणून बोलली? पण आज तिच्या घरात दिवा आहे.

आत्ता यांनी विचारलं, "काहून वं, रविवारी खोली पाहाले जायचं ना?"

मी म्हटलं, "महिनाभर थांबा ना जी. बसवाले माणसं मोजतीन, तं त्यात आपले तीन असू द्या."

हे हसले. नाही म्हणाले नाहीत.