निजामोद्दीनचाचांना भेटलो

लातूर, डिसेंबर १९८२

ती. शिवकांताक्का, सिद्धूचे शरणु शरणार्थी.

लातूर जिल्हा झाला, म्हणून कचेऱ्यांच्या पाट्या नव्यानं रंगवायच्या हायत. ते काम मला मिळालं. जेवण वेळेवर होतंय. रंगानं थोडा खोकला येतो, एवढंच.

पहिला पगार घेऊन मी उदगीरला निजामोद्दीनचाचांकडं गेलो. दुष्काळात आपलं हॉटेल बुडाल्यापासून त्यांना तोंड दाखवलं नव्हतं. "चाचा, तुमचं कर्ज दर महिन्याला थोडं थोडं फेडतो," म्हणालो. त्यांनी पैसे खिशात टाकले अन् माझा हात धरला. "बेटा, तू जिवाचं काही करून घेतलंस की काय, ह्याचीच लई फिकीर होती." मला रडूच आलं.

विहिरीला पाणी हाय का? आईचे गुडघे कसे हायत? तिला सांग, आता दारावर कुणी थाप मारली तर बेधडक उघड.

तुझा धाकटा,
सिद्धू