तीन रविवार रॉकचे, चौथा जयंतीचा

रविवार, १६ मार्च
दौंडहून सकाळची एसटी. मांडीवर रेकॉर्ड प्लेअर, पायाशी पिशवीत टॉवेलात गुंडाळलेल्या रेकॉर्डी. कंडक्टर म्हणाला, "आबा, ह्या पेटीचं तिकीट कुणी काढायचं?" म्हटलं, "तिला सीट द्या, काढतो!"

शिरूरला सत्यजीतच्या युवक मंडळाचा हॉल. साठच्या दशकातलं रॉक, तरुण पोरांसाठी, चार रविवार. कल्पना माझी, होकार त्याचा. एकाहत्तराव्या वर्षी कुणीतरी मला गाण्यावर बोलू दिलं — पहिल्यांदाच!

वीसेक पोरंपोरी. सायली नावाच्या मुलीने दुसऱ्या मिनिटाला विचारलं, "सर, डीजेच्या गाण्यात असतो तसा ड्रॉप कवा येतो?" म्हटलं, येत नाही. गिटार येते, थांब. गिटार आली. तिने मोबाईल पालथा ठेवला. एवढं पुरे.

मागच्या रांगेत दीक्षा! आमच्या समोरच्या महेंद्रची मुलगी. रांजणगावच्या कंपनीत कामाला आहे, कारेगावला खोली करून राहते. ओळखीखातर आली असणार.

सोमवार, १७ मार्च
महेंद्र आमच्या वस्तीच्या जयंती मंडळाचा अध्यक्ष. दारातूनच म्हणाला, "आबा, जयंती तोंडावर आली आन् तुम्ही गोऱ्यांची गाणी वाजवत हिंडताय व्हय? लोक बोलत्यात." हसत म्हणाला. तरी टोचलं.

रविवार, २३ मार्च
आज पोरांना क्लबाची खिडकी सांगितली. वडील दौंडच्या लोको शेडमध्ये खलाशी, इंजिनं पुसायचे. शनिवारी रेल्वेच्या क्लबात अँग्लो-इंडियन कुटुंबांचा नाच असायचा. आम्ही पोरं खिडकीखाली, बाहेर. विजेवरची गिटार पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं, आत काहीतरी फुटलं. पळालो. मग परत आलो. पुढे दर शनिवारी.

"आत न्हाई बोलावलं कुणी?" एकाने विचारलं.
"वॉचमन यायचा. हाकलायला."
पोरं हसली. मीही.

मंगळवार, २५ मार्च
तेच डोक्यात. पेपरात चौतीस वर्षं काढली. संगीताची पुरवणी एकदाही माझ्याकडे आली नाही. मागितली होती — दोनदा. संपादक म्हणाले, "तुमचा प्रांत वेगळा." प्रांत म्हणजे चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबर. पुरवणीवाल्यांना ड्रमर कोण आणि गायक कोण ते कळत नसे. छपाईला जायच्या आधी मी दुरुस्त करायचो. नाव त्यांचं.

बाबासाहेबांवर मी मरेपर्यंत लिहीन. ते कुणी नेमून द्यायला नको. पण माणसाला एकच खोली देऊन बाहेरून कडी लावायची, ही कुठली रीत?

रविवार, ६ एप्रिल
पाडव्याची सुट्टी घेऊन आज तिसरा. रेकॉर्डची अख्खी बाजू लावली, मध्ये एक शब्द बोललो नाही. शेवटी ऑर्गन विरत जातो, तिथं कुणी खोकलंसुद्धा नाही. सायली म्हणाली, "सर, परत लावा." परत लावली! पुढच्या वेळी बायकांचे आवाज ऐकवायचे ठरवलं. त्या काळात गिटारींच्या गोंगाटावरून आवाज नेणाऱ्या बायका होत्या. रेकॉर्डी पुसून ठेवल्या.

बुधवार, ९ एप्रिल
सत्यजीतने व्हॉट्सॲपवर पोस्टर पाठवलं. निळी पार्श्वभूमी, माझा फोटो, खाली: 'बाबासाहेबांचे विचार आणि आजचा तरुण'. वेळ तीच, हॉल तोच. रॉकचा र नाही.

फोन लावला.
"सर, दुसऱ्या दिवशी जयंतीच हाय. म्हटलं चौथा रविवार सार्थकी लावू."
"मला विचारलं नाहीत."
"तुम्ही काय न्हाई म्हणणारे का? तुमच्याइतकं कोण बोलणार सर?"
"तुम्ही बोला की. तुमचे वडील कारखान्याचे डायरेक्टर, लोक ऐकतील. मी गाणी लावतो."
"आम्ही? सर, चेष्टा करता राव!"
मनापासून हसला. चेष्टाच वाटली त्याला.

गुरुवार, १० एप्रिल
नाही म्हटलं तर बातमी काय होईल? 'जयंतीला बोलायला नकार.' मथळा मीच लावू शकतो. महेंद्र तो वस्तीभर वाचून दाखवेल.

रविवार, १३ एप्रिल
बोललो. दिलेल्या वेळेत सुरू, दिलेल्या वेळेत बंद. सवय आहे. पुढच्या रांगेत सत्यजीतचे वडील मारुतराव आणि त्यांची माणसं, शाल, नारळ, फोटो. माझी पोरं मागे सरकवलेली. सायली अर्ध्यात उठून गेली — तिला पोस्टर मिळालं नसावं. प्लेअर मात्र मी नेला होता. का, कोण जाणे! पिशवी उघडलीच नाही. शाल तिच्यावरच टाकून आणली.

स्टेजवरून उतरताना सत्यजीत म्हणाला, "एक नंबर सर! पुढच्या वर्षी हाच विषय."

सोमवार, १४ एप्रिल
जय भीम. मिरवणुकीत दोन तास चाललो. पाय दुखतात. आज कुणावर राग नाही.

मंगळवार, १५ एप्रिल
दीक्षा जयंतीला घरी आलेली, आज परत कारेगावला निघाली. जाताना खिरीचा डबा द्यायला आली. टेबलावरच्या रेकॉर्डी बघत उभी राहिली. म्हणाली, "आबा, आपली घरं समोरासमोर. आन् हे ऐकायला मला शिरूर गाठावं लागलं. इथं का न्हाई लावत तुम्ही?"

मी म्हटलं, "आपल्या वस्तीत कोण ऐकणार हे?"

डबा ठेवून ती गेली.