फुकटची की विकतची

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.
हिच्या शिवणखोलीतल्या कॉम्प्युटरवर आज एक सूचना झळकली. ही सिस्टिम जुनी झाली, यापुढे तिची काळजी घेतली जाणार नाही, नवी विकत घ्या. धमकीच की! मी गोदामात माल तपासणीला आहे, मला असली भाषा बरोबर कळते. ज्या पोत्यावर ‘उत्तम’ लिहिलेलं असतं ते मी आधी फोडतो.

ही म्हणाली, अहो, वीस तारखेपर्यंत त्याला हात लावू नका. वीसला नर्सिंग स्कूलमध्ये गणवेश शिवून दाखवायचे आहेत, पाचही मापांत. दोन वर्षं खेटे घातल्यावर आता कुठे काम मिळायची वेळ आली आहे. आणि तिचे कटिंगचे सगळे नमुने त्या कॉम्प्युटरमध्येच. कॉलर, बाही, खिसा, सगळं स्वतः आखलेलं. लागतील तसे कागदावर छापते, त्यावरून कापड कापते, कागद फाटला की टाकून देते.

मी म्हटलं, म्हणून तर मी लक्ष घालतोय.

संकल्प: सिस्टिम मीच निवडणार. घाई करणार नाही. कोणावर विश्वास ठेवणार नाही.

३ फेब्रुवारी. संध्याकाळ.
मेहुण्याकडे गेलो. कॉम्प्युटरच्या दुकानात आहे. म्हणाला, भाऊजी, विकतची घ्या, ताईला सवय आहे, कटकट नाही. कमिशन किती मिळतं, मी सरळ विचारलं. म्हणाला, घरच्यांकडून मी कमिशन घेत नाही. इतकं पटकन उत्तर? तयारच ठेवलेलं असणार.

चहा दिला. बिस्किटंही दिली. कधी नव्हे ते.

५ फेब्रुवारी. दुपार.
समोरच्या चष्मेवाल्याच्या दुकानात फुकटची सिस्टिम आहे. कोणी बनवली, विचारलं. म्हणे जगभरातल्या लोकांनी मिळून. पगार कोण देतं? म्हणे काहींना कंपन्या देतात, बरेचसे हौसेने करतात.

हौसेने! आमच्या जिन्यातला बल्ब गेला तर तीन महिने कोणी हौसेने बदलत नाही. शेवटी मीच तक्रार केली.

वर म्हणाला, आतलं सगळं उघडं आहे, कोणीही वाचून तपासावं. म्हणजे कडी नसलेलं घर. आणि विकतचीचं आतलं कोणालाच बघता येत नाही, म्हणजे दार नसलेलं घर. राहायचं कुठे माणसाने?

जाता जाता त्याने माझे डोळे फुकट तपासले. नंबर वाढलाय म्हणाला. म्हटलं, आलं लक्षात.

७ फेब्रुवारी.
काल गुडघा दुखतो असं मोठ्याने म्हणालो. आज फोनवर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. योगायोग म्हणे! कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. शिवणखोलीत यापुढे गुडघ्याचा विषय बंद. ही म्हणाली, कंबरेचं चालेल का?

थट्टा करते. संकट डोक्यावर येईपर्यंत बायकोला नवरा शहाणा वाटत नाही.

८ फेब्रुवारी. रविवार.
भयंकर शोध. हिच्या सगळ्या नमुन्यांची एक कॉपी पेनड्राइव्हवर मेहुण्याकडे पडून आहे! जपून ठेव म्हणून हिनेच वर्षापूर्वी दिली होती. जपून! त्याच्या टेबलाच्या खणात, स्टेपलरच्या शेजारी. काहीतरी सांगून मागून आणली आणि साफ पुसली. एक गळती बंद.

हिला बोललो नाही. उगाच काळजी करत बसेल.

१० फेब्रुवारी. सुट्टी टाकली.
निर्णय झाला. दोन्ही सिस्टिम स्वतः घालून बघणार. त्याआधी माल सुरक्षित. सगळे नमुने एका वेगळ्या डिस्कवर नेले, डिस्कला पासवर्डचं कुलूप लावलं. पासवर्ड टाकताना डोक्यावरून टॉवेल घेतला होता. ही दारात येऊन बघून गेली.

पासवर्ड कुठेही लिहिलेला नाही, इथेही नाही. रोजनिशी कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. फक्त डोक्यात. शिवाय कोणी पाळतीवर असेल तर त्याची दिशाभूल व्हावी म्हणून एक खोटा पासवर्डही तयार केला: भोपळा९९. तो मुद्दाम सगळीकडे पुटपुटत राहायचं. दाढी करताना, जिन्यात, जेवताना. ऐकणारा ऐकू दे, बसू दे बोंबलत.

स्वतःवर इतका खूश मी बऱ्याच दिवसांत झालो नव्हतो. संध्याकाळी कॉम्प्युटर साफ पुसून कोरा केला.

११ फेब्रुवारी.
चष्मेवाल्याने फुकटची घालून दिली. अर्ध्या तासात सुरू. प्रिंटरही चालला. पैसे नकोत म्हणाला. मी आग्रह केला तरी नकोत म्हणाला.

इतकं सोपं? इतकं गोड? तो गेल्याबरोबर काढून टाकली.

(भोपळा९९, भोपळा९९.)

१२ फेब्रुवारी.
मेहुण्याने विकतची घालून दिली. तिला माझं नाव हवं, फोन नंबर हवा, जन्मतारीख हवी, मी आत्ता कुठे आहे तेही हवं. लग्न जमवतानाही सासऱ्यांनी इतकं विचारलं नव्हतं. खोटी जन्मतारीख टाकली. तिने निमूट मान्य केली. एकशे चार वर्षांचा माणूस तिला चालतो, मग तिचा भरवसा काय धरायचा?

काढली.

१४ फेब्रुवारी.
सध्या कॉम्प्युटरमध्ये कुठलीच सिस्टिम नाही. विचार केला तर सर्वांत सुरक्षित अवस्था हीच.

ही म्हणाली, उद्या मला नमुने छापायचे आहेत, कापड येऊन पडलंय. दोन मापं तेवढी आधीच कापून झाली आहेत, तीन बाकी. म्हटलं, बिनधास्त राहा.

१५ फेब्रुवारी. सकाळ.
तात्पुरती फुकटची पुन्हा घातली. डिस्क जोडली. पासवर्ड विचारला. टाकला.

चुकीचा.

साहजिक आहे. गडबडीत भोपळा९९ टाकला गेला. आता खरा टाकतो.

त्याच दिवशी. दुपार.
खरा अगदी तोंडावर आहे. एका भाजीवरून होता. की भोपळा ही भाजी म्हणून तसं वाटतंय?

संध्याकाळ.
भाजी नाही. बहुतेक.

१६ फेब्रुवारी.
कामावर लक्ष नाही. खराब पोती पास केली. घरी आलो तर ही म्हणाली, अहो, आठवडाभर भोपळा भोपळा करताय, तेच टाकून बघा ना. कचरेवालाही जिन्यात मला पाहून भोपळा९९ म्हणतो. म्हणजे दिशाभूल करायची योजना शंभर टक्के यशस्वी झाली, एवढं मान्य करावंच लागेल.

टॉवेल डोक्यावर घेऊन तसाच बसून पाहिलं. तेव्हाचं काही आठवेल म्हणून. झोप लागली.

१७ फेब्रुवारी.
सांगितलं. सांगावंच लागलं.

ही आधी घाबरली, मग हसली. म्हणाली, जाऊ दे, भाऊकडे पेनड्राइव्ह आहे. मग तेही सांगितलं.

तिने कात्री खाली ठेवली. ओरडेल वाटलं होतं. ओरडली नाही. त्या कोऱ्या पडद्याकडे बघत बसली आणि म्हणाली, ती कॉलर बसवायला मला सहा महिने लागले होते हो. मग आत जाऊन तोंड धुऊन आली.

मला फार वाईट वाटलं. हिचं इतकं नुकसान कुठल्याच चोराने केलं नसतं. हे वाक्य खोडावं असं वाटतंय.

२० फेब्रुवारी.
ही दोन मापांचे गणवेश घेऊन गेली. प्राचार्या बाईंना शिलाई आवडली, पण बाकीची मापं कुठे विचारलं. तीन मापांचं काम दुसऱ्या शिंपिणीला दिलं. आपल्याकडे दोन मापं. ही म्हणाली, तेही नसे थोडके. आवाज मात्र तिचा नव्हता.

२२ फेब्रुवारी. रविवार.
सकाळपासून उसवतोय. हिने जुन्या गिऱ्हाइकांकडून तिनेच शिवलेले कपडे मागून आणले आहेत. एकेक शिवण उसवायची, तुकडे कागदावर ठेवून आखायचे, पुन्हा शिवून कपडा परत द्यायचा. असे नमुने परत उभे करायला वर्ष जाईल म्हणते. उसवायचं काम मला दिलं आहे. आखायला हात लावू देत नाही.

मेहुणा आणि चष्मेवाला डिस्क उघडायला आले होते. दोन तास खटपट केली. नाही उघडली. कुलूप फार उत्तम लावलंय म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढंच काय ते कौतुक. मग दोघं चहा पीत बसले. मला वाटलं, आता जुंपणार. कसलं काय! विकतची चांगली आहे, असं चष्मेवाला म्हणाला. फुकटचीही चांगली आहे, असं मेहुणा म्हणाला. हिचं काम कुठल्याही सिस्टिमवर झालं असतं, यावर दोघांचं एकमत झालं.

मी विचारलं, दोन्ही चांगल्या, तर मग बिघडलं कुठे?

तिघंही माझ्याकडे बघत राहिले.

मी खाली मान घालून बाही उसवायला घेतली. तिघांचं आधीच काहीतरी ठरलेलं असावं.