ब्रेक माझ्याकडे आहे

सोमवार, ३ मार्च
मान धरली आहे. म्हणजे तशी धरलेली नाही, उजवीकडे वळत नाही एवढंच. डावीकडे फर्स्ट क्लास. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या माणसाला उजवीकडे बघायचं कामच काय? उजवीकडे शिकाऊ बसतो, आणि शिकाऊकडे न बघितलेलंच बरं. मोडेन पण वाकणार नाही हा आमच्या घराण्याचा बाणा. वळणार नाही, हे नवीन.

पुढच्या सोमवारी मेडिकल. त्याशिवाय इन्स्ट्रक्टरचं लायसन्स रिन्यू होत नाही. डॉक्टर मान दोन्हीकडे वळवायला लावतात, मग सही. सही नाही तर माझ्या स्कूलला कुलूप, आणि गिऱ्हाइकं आयती उंटाकडे. उंट म्हणजे रस्त्यापलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलचा मालक. त्याची मान चौफेर वळते. गरजेपेक्षा जास्तच. पण आपण नापास व्हायचा प्रश्नच नाही.

मंगळवार, ४ मार्च
डॅशबोर्डवर जादा आरसा बसवला. मान न वळवता शिकाऊ बाईंचा चेहरा दिसतो. त्या म्हणाल्या, सर, माझी चूक झाली की तुम्ही समोरच्या टेम्पोला का ओरडता? म्हटलं, लक्ष रस्त्यावर ठेवा.

माझ्या पायाखालचा जादा ब्रेक दिवसभर दाबत होतो. तो नसता तर या धंद्यात पडलोच नसतो. प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतो की घाबरायचं नाही, ब्रेक माझ्याकडे आहे. माणसाला केवढा धीर येतो.

घरी जेवताना सौ. उजवीकडे असते. खुर्ची बदलली. उजेडाचं कारण सांगितलं.

बुधवार, ५ मार्च
सौ.ला कळलं. तिने मागून हाक मारली आणि मी कपाट सरकवावं तसा सगळाच्या सगळा वळलो.

मसाज करून घ्या म्हणाली. परस्पर शुक्रवारची अपॉइंटमेंटही घेऊन टाकली. तिथली मुलगी ओळखीची आहे म्हणे, हात चांगला आहे. मी म्हटलं, परक्या माणसापुढे आडवं पडायला मी काय पेशंट आहे? मग जा तसेच मेडिकलला, म्हणाली. ही बाई नको तिथे मुद्द्याचं बोलते.

जायचं ठरवलं. गरज म्हणून नाही. अनुभव म्हणून.

गुरुवार, ६ मार्च
पहिल्या मसाजला काय होतं ते इंटरनेटवर वाचलं. जरा आधी पोचा. भरपेट खाऊन जाऊ नका. कुठे दुखतं ते मोकळेपणाने सांगा. दाब जास्त झाला तर बोला. अंग सैल सोडा. थोडक्यात, काही न करता पडून राहायचं. त्यात माझा हातखंडा आहे असं सौ. नेहमीच म्हणते.

दुपारी सराव म्हणून सोफ्यावर पालथा पडलो. उठता येईना. सौ.ने उठवलं. सराव पुरेसा झाला.

शुक्रवार, ७ मार्च, दुपारी
निघतोय. सौ. म्हणाली, मी गाडीने सोडू का? हसू आलं. तिला एकदा शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी रडत उतरली ती पुन्हा नाव नाही काढलं. प्रत्येकाला जमतंच असं नाही. टॅक्सीने जातो.

शुक्रवार, संध्याकाळी
झाला मसाज. एकंदरीत यशस्वी.

मुलीने आधी विचारलं की सर, कुठे दुखतंय? म्हटलं, कुठेही नाही, सहज आलोय. आल्या आल्या आपली दुखरी बाजू दाखवू नये. बरं म्हणाली, मग पायांपासून करू. सोयीचे वाटतील तेवढे कपडे काढून चादरीखाली पालथे पडा, असं सांगून बाहेर गेली. मला बूट काढणं सोयीचं वाटलं. परत येऊन तिने चादर उचलली आणि अदबीने म्हणाली, सर, निदान पट्टा आणि किल्ल्या तरी. पुन्हा बाहेर गेली. पुढचे कपडे तपशिलात लिहीत नाही.

टेबलाला चेहऱ्यापुरतं भोक असतं. त्यात तोंड घातलं की जग संपलं. रस्ता नाही, आरसा नाही. खाली फरशी आणि तिच्या चपला. मन शांत व्हावं म्हणून झऱ्याचा आवाज लावला होता. घरून निघताना दोन कप चहा झाला होता. झऱ्याबद्दल अधिक लिहीत नाही.

उजव्या पोटरीवर तिचा हात थांबला. विचारलं, सर, तुम्ही ब्रेक दाबताय का?

दाबत होतो. ती जोर लावायची, पाय आपोआप जायचा. त्या टेबलाला ब्रेकच नाही. रचना मुळातच चुकीची आहे.

मग म्हणाली, घाबरायचं नाही सर, ब्रेक माझ्याकडे आहे.

हे वाक्य माझं आहे असं मी भोकातून सांगितलं. माहितीये, म्हणाली. मी तुमच्याकडेच यायचे की. भर चौकात गाडी बंद पडली तेव्हा तुम्ही म्हणालात, उतरा, मागे बसा. मग मी आलेच नाही.

मला आठवलं नाही. पण इतक्या वर्षांनी माझी वाक्यं पाठ आहेत म्हणजे शिकवण मुरली. कृतज्ञता वाटली असणार, कारण लगेच तिने कोपर लावलं. दाब बरा आहे ना, विचारलं. छान म्हटलं. तिने वाढवला. पुन्हा विचारलं. फारच छान म्हटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. डोळ्यांतलं पाणी तिच्या चपलेवर पडलं.

विषय बदलावा म्हणून विचारलं, मग गाडी शिकलीस कुठे? समोरच्या सरांकडे, म्हणाली. म्हणजे उंटाकडे. मी आणि काकू एकाच बॅचला होतो, त्या पहिल्याच टेस्टला पास झाल्या.

कुठल्या काकू?

आपल्या काकू, सर.

मी उठायला गेलो. कान भोकात अडकले. थांबा, मान राहिलीये, म्हणाली. मानेला हात लावला, दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिलं. दुखतं म्हणाला असतात तर आधी मानच घेतली असती सर, तुम्ही सैलच सोडत नाही, आता वेळ संपली.

मान आता डावीकडेही वळत नाही. तेलाने असेल.

शनिवार, ८ मार्च
सौ.चं लायसन्स शोधायचं नाही असं ठरवलं. शोधलं नाही. सापडलं नाही.

मला सरप्राइज द्यायचं असेल. योग्य वेळ मिळाली नसेल. शेजारी बसवून वर्षानुवर्षं मी तिला रस्त्यावरच्या खुणा समजावतो, आणि ती मुकाट्याने ऐकते. वाईट वाटलं. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहिलं.

रविवार, ९ मार्च
प्लॅन तयार. डॉक्टरांना बोलण्यात गुंतवायचं आणि पाय हळूच फिरवून अख्खं अंग वळवायचं. आरशासमोर हुबेहूब जमलं.

सोमवार, १० मार्च
डॉक्टरांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि मग म्हणाले, वळवा. असे लोक त्यांनी आधीही बघितले असावेत. मी डोळे दोन्हीकडे वळवून दाखवले. सही नाही. गळ्याला पट्टा, मसाज चालू ठेवा, गाडी बंद, दीड महिन्याने या.

घरी सांगितलं. सौ.ने साखरेच्या डब्यामागून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. उजवीकडे ठेवलं होतं. मला दिसेना, तेव्हा समोर सरकवलं. फोटोत हसते आहे. म्हणाली, स्कूल बंद पडणार नाही, पलीकडचे सर त्यांचा एक माणूस पाठवतायत, मी बोलले आहे. तुम्ही आराम करा.

उंटाची मान गरजेपेक्षा जास्त वळते हे मी आधीच लिहिलं आहे.

गुरुवार, १३ मार्च
दुसरा मसाज. सौ.ने गाडी काढली. मी शेजारी बसलो. गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबला, सवय. पुढे सिग्नलला दाबला. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा तिने गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, उतरा, मागे बसा.

मागच्या सीटला ब्रेक नाही. चौकात तिने मान वळवून उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, मग गाडी घातली. अगदी मी शिकवतो तशी. छान चालवते. हे तिला सांगायचं, आणि सेंटरवर मान दुखते असं सरळ सांगून टाकायचं, दोन्ही गोष्टी मागे बसल्या बसल्या पक्क्या केल्या.

मुलीने विचारलं, सर, आज कुठे दुखतंय? सौ. उजवीकडे उभी होती. ऐकत असणार. म्हटलं, तसं विशेष कुठे नाही.

कुणीतरी सुस्कारा टाकला. ती बाजू मला दिसत नाही.

पायांपासून सुरुवात झाली.