कडी लावून कविता

२ फेब्रुवारी, सोमवार

वाचनालय पाडणार! शिंपीबुवा दुपारी सांगत आले आणि सांगता सांगता माझ्या कपातला चहा स्वतःच पिऊन गेले. इतका हादरलेला माणूस. तिथे म्हणे गाड्या उभ्या करायची सोय होणार. जिथे आम्ही उभा जन्म कवितेत काढला, तिथे आता कुणाची तरी मोटार झोपा काढणार.

शिंपीबुवा आमच्या वाचनालयाचे चिटणीस. मी गुरुवारचा वाचक. आयुष्यात एक ओळ लिहिली नाही, तरी गल्ली मला कविराज म्हणते, आणि मी ते खोडून काढत नाही. दर गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या जुन्या पुस्तकांतल्या कविता मोठ्यानं, चालीवर वाचायच्या, हा आमचा नेम. समोर पत्रे ठोकण्याचा कारखाना. म्हणून खिडक्या बंद आणि दाराला आतून कडी. एकदा कडी पडली की बाहेर जग बुडालं तरी आम्हाला पत्ता नसतो. काय सुख आहे ते!

४ फेब्रुवारी, बुधवार

जीव भांड्यात पडला — निदान अर्धा. पाडायचं की राखायचं, हे नव्या आमदारबाईंच्या शिफारशीवर आहे. आणि आमदारबाई कोण? आपली मुंगी! वाचनालयाची झाडलोट करणाऱ्या बाईंची मुलगी. पाठीवर दप्तर, एवढीशी, सदा लगबगीत — हे नाव मीच ठेवलेलं. पुढे शिकली, वकील झाली, झाडणाऱ्या-पुसणाऱ्या बायकांची संघटना बांधली आणि निवडून आली.

गल्लीला एकदम मायेचा पान्हा फुटला आहे. दूधवाला म्हणतो, माझ्या दुधावर वाढली. शिंपीबुवा म्हणतात, तिचा पहिला गणवेश माझ्या हातचा. (कुणाचा तरी जुना उसवून दिला होता. पण असो.) मतदानाला याच गल्लीनं तिला पाडायला जिवाचं रान केलं होतं, हे आज कुणालाच आठवत नाही. मलाही नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

वाचता वाचता कडव्याच्या मध्येच थांबलो. आठवलं!

आमचं वाचन आटोपल्याशिवाय तिच्या आईला झाडायला घेता येत नसे. तोवर मायलेकी बाहेर. आई कोपऱ्यावरच्या नळावर बादल्या भरायची आणि मुंगी पायरीवर. खिडकीच्या काचेतून मला तिचं डोकं दिसायचं. गुडघ्यांवर हनुवटी टेकलेली, आणि मान कशी लयीत डुलायची! मी इकडे चरण म्हणतोय, तिकडे मान डुलतेय. आमच्या सगळ्या सभासदांत खरी रसिक तीच, आणि ती सभासदही नव्हती.

घरी येऊन सूनबाईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"दिवसभर शाळा, वर आईच्या हाताखाली काम," ती म्हणाली. "डुलकी लागत असेल हो बाबा पोरीला."

सूनबाई बँकेत आहे. काव्य तिच्या वाट्याला आलेलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

आमदारबाईंचा सचिव येऊन गेला. गळ्यात ओळखपत्र, हातात दोन फोन. बाईंचा परिचय छापायचा आहे, तर जुन्या गल्लीशी असलेलं नातं दाखवणारं काहीतरी हवं म्हणाला. दूधवाल्यानं दूध सांगितलं. शिंपीबुवांनी गणवेश सांगितला. सचिवानं जांभई दिली. मग मी पायरी सांगितली. त्यानं दोन्ही फोन खाली ठेवले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

छापून आलं! 'याच पायरीवर बसून त्यांनी कवितेचे संस्कार टिपले.' माझं वाक्य, शब्दन् शब्द. शिंपीबुवा हात चोळत म्हणाले, आता पाडून दाखवा म्हणावं! स्वतःच्या हातानं स्वतःचं बालपण पाडायला कोण धजेल?

मी काही मतलबानं सांगितलं नव्हतं. प्रेमानंच सांगितलं. मतलब आपोआप साधला, एवढंच.

१७ फेब्रुवारी

आरशासमोर 'ये गं मुंगे' म्हणून पाहिलं. छान वाटतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आल्या. माझ्या तोंडून 'या आमदारबाई' असंच निघालं. तिनं मात्र 'कविराजकाका' म्हटलं. आठवण होती!

शिंपीबुवांनी सजवलेली खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. सावकाश खोलीभर फिरली, कपाटं पाहिली, मग माझ्या वाचायच्या जागेवर उभी राहून काचेतून पायरीकडे बघत राहिली.

"असं दिसतं होय इथून," म्हणाली.

दूधवाल्यानं आईची खुशाली विचारली. आई दोन वर्षांपूर्वी गेली म्हणाली. मायेचा पान्हा फुटलेल्या आमच्या गल्लीत हे एकालाही ठाऊक नव्हतं. सगळे खाली बघू लागले. मग मीच धीर करून विचारलं, त्या वेळची कुठली कविता अजून आठवते? तिच्या हातात तो छापील परिचय होता. तो नीट घडी करून तिनं पर्समध्ये ठेवला. हसली.

"काका, तुम्ही म्हणताय म्हणजे ऐकल्याच असतील."

आणि मग, शिंपीबुवांनी विषय काढायच्या आतच, सांगून टाकलं की वाचनालय राहील, गाड्यांची सोय दुसरीकडे बघू. शिंपीबुवांनी पायरीजवळ नावाचा दगड बसवायची परवानगीही त्याच दमात मागून घेतली. ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"दगड बसवा खुशाल. फक्त गुरुवारी दार उघडं ठेवा."

शिंपीबुवा म्हणाले, समोरचा गोंगाट फार येतो हो आत.

"येऊ दे."

ती गेल्यावर आम्ही पुष्कळ खल केला. शेवटी शिंपीबुवांनी उलगडा केला — हवा खेळती राहावी म्हणून. आरोग्य समितीवर आहेत ना त्या! मलाही पटलं. सूनबाईला सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दार उघडं ठेवून वाचलं. अख्खं एक कडवं पत्र्याखाली चिरडलं गेलं. एक कुत्रं आत आलं, दोन ओळी ऐकल्या आणि उठून गेलं. शेवटी शिंपीबुवांनीच जाऊन कडी लावली. बाईंना कुठे दिसतंय!

३ मार्च, मंगळवार

दगड बसला. सोनेरी अक्षरं. 'या पायरीवर बसून आमदारांनी कविता ऐकल्या.' शेजारी उभा राहून फोटो काढून घेतला. सूनबाईनं काढला.

५ मार्च, गुरुवार

गुडघा धरला होता, जायला उशीर झाला. कडी पडली होती. दगडाशेजारी पायरीवर टेकलो. कारखाना आज बंद, रस्ताही निवांत. काचेतून शिंपीबुवा दिसत होते. माझं पुस्तक हातात, तोंड मोठं उघडून म्हणत होते. एक शब्द बाहेर येत नव्हता.

दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. कुणी उठलं नाही.

बसून राहिलो. जरा वेळानं माझी मान डुलायला लागली.